ती शाळा मूळ मालिकेतलीच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मांगांवरचा, म्हणजे जपानी चित्रकथांवरचा, लेख वाचला. यंत्रमानवांच्या गाजलेल्या मालिकांतली पात्रे उचलून त्यांना शाळेच्या बाकावर बसवणाऱ्या स्पिन-ऑफ (मूळ मालिकेवरून बेतलेल्या) मांगा म्हणजे मूळ कलाकृतीची विटंबना, असा लेखाचा सूर आहे. ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’च्या बाबतीत तरी तो मला अजिबात पटला नाही.

हिदेआकी आन्नो यांची ही २६ भागांची ॲनिमेशन मालिका ऑक्टोबर १९९५ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. १४ वर्षांच्या शिंजीला त्याचे वडील गेंडो बोलावून घेतात, तेही इव्हा नावाचा अजस्र देह चालवायला. आई युई त्याच्या लहानपणीच एका प्रयोगात नाहीशी झालेली, आणि तिचा जीव त्याच इव्हात अडकलेला. मार्च १९९६ मधल्या शेवटच्या भागात मात्र थोडा वेळ वेगळेच जग दिसते. शिंजीसारखीच इव्हा चालवणारी असुका त्याला झोपेतून उठवते. युई स्वयंपाकघरात आहे, गेंडो वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला आहे. इव्हा चालवणारी दुसरी मुलगी, एरवी निर्विकार असणारी रेई, तोंडात पाव धरून शाळेकडे धावत सुटली आहे, आणि मूळ कथेत या मुलांची वरिष्ठ अधिकारी असलेली मिसातो वर्गावर शिक्षिका आहे. म्हणजे हे पर्यायी विश्व कोणी बाहेरून चिकटवलेले नाही. खुद्द आन्नोंनीच ते दाखवले.

फुमिनो हायाशी यांची २००३ मध्ये सुरू झालेली ‘एंजेलिक डेज’ आणि ओसामु ताकाहाशी यांची २००५ पासूनची ‘शिंजी इकारी रेझिंग प्रोजेक्ट’ या दोन्ही मांगा याच दृश्याच्या वाटेने जातात. दोन्हींच्या मागे संगणकावरचे खेळ आहेत, त्यामुळे धंद्याचा भाग आहेच. तो नाकारत नाही. ताकाहाशींची मांगा १८ खंडांपर्यंत ताणली गेली आणि शिंजी-असुका-रेई हा त्रिकोण मधल्या खंडांत मलाही कंटाळवाणा वाटला. पण युई घरात वावरताना दिसते, मुलाशी साधे दोन शब्द बोलते, तेव्हा घशात आवंढा येतो. वाचणाऱ्याला ठाऊक असते की मूळ कथेत या मुलाला हे कधीच मिळाले नाही. ज्याने मालिका पाहिलेली नाही, त्याला त्याच पानावर एक साधी सकाळ दिसेल, बस्स.

लेखात शाळकरी वाचकांना या मांगांपासून दूर राहायला सांगितले आहे. त्याऐवजी क्रम सांगायला हवा होता: जरा मोठे झाल्यावर आधी सगळे २६ भाग, मग हायाशींची सहा खंडांची मांगा आणि वेळ असेल तर ताकाहाशींची. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली