चौथ्या मजल्यावरच्या काकांना, टोमॅटोवाल्या पोरीकडून

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता, बिल येईल" म्हणून फोन ठेवता, व्हॉट्सअॅप कॉलला बिल येत नाही हे चार वेळा सांगून झालं. म्हणून शेवटी लिहायला बसले. आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण थंडीच्या देशात घरात दिव्याखाली टोमॅटो लावून फजिती करून घेणारी मी काही एकटीच नसणार.

आपली पहिली भेट कचऱ्याच्या खोलीसमोर झाली. डिसेंबरचा पहिला आठवडा, विनिपेगची थंडी, बाहेर उणे सव्वीस, आणि मी सहा कुंड्यांचा ट्रे घेऊन फेकायला निघालेली. नारायणगावचं टोमॅटोचं रान सोडून मुलाकडे राहायला आलेले तुम्ही, कानटोपी, मफलर, आणि वर मुलाचं ढगळं जॅकेट घालून बिल्डिंगच्या आतच चालायला निघाला होतात, कारण बाहेर चालणं शक्य नव्हतं. ट्रेकडे बघून तुम्ही आधी इंग्रजीत "थ्रोइंग?" विचारलंत, आणि मी फोनवर आईशी मराठीत बोलतेय हे ऐकल्यावर थेट "अगं पोरी, जिवंत आहेत ना ती!"

जिवंत म्हणजे काय, ती टोमॅटोची रोपं वाटतच नव्हती, मेथीच्या काड्या वाटत होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रेड रॉबिन आणि टायनी टिम या बुटक्या टोमॅटोंचं बी पेरलेलं, पाकिटावर फोटो असा की वीतभर झुडूप आणि त्याला लालभडक गोळ्यांसारखे टोमॅटो. आधी महिनाभर दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. पण इथे हिवाळ्याकडे दिवस आखडत जेमतेम आठ तासांवर येतो आणि सूर्य असा खालून सरकतो की जणू त्याला पण वर यायचा कंटाळा आलाय, त्यात खिडकीची काच बर्फासारखी, तिला टेकलेली पानं काळी पडली. मग मी चाळीस वॉटचा एलईडी दिवा आणला, छताजवळ टांगला, आणि चोवीस तास चालू ठेवला. माझं गणित सरळ होतं, उजेड म्हणजे जेवण, मग जास्त उजेड म्हणजे जास्त जेवण. पानांवर पिवळे डाग पडायला लागले तेव्हा मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून खत दुप्पट केलं. रोज पाणी. पानांच्या कडा करपल्या. मातीतून चिलटं उडायला लागली, चहाच्या कपात पण पडायची.

तुम्ही घरात आलात, दिवा बघितलात, टायमर कुठंय विचारलंत, टायमर नाही म्हटल्यावर खुर्चीत बसून जे हसलात ते मी विसरणार नाही. "आमच्याकडं लाइट रात्री येते म्हणून माणूस जागतो, हिच्याकडं लाइट जातच नाही म्हणून झाड जागतंय." हे वाक्य मी तेव्हापासून निदान दहा जणांना सांगितलंय. नंतर वाचलं तर खरंच, टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, लेट्यूससारखी काही झाडं खपवून घेतात पण टोमॅटोचं पान पिवळं पडतं आणि झाड खंगतं. तुम्ही हे कुठे वाचलं नव्हतंत. तुम्ही फक्त विचारलंत, रात्रभर ट्यूब चालू ठेवून तुला झोप लागेल का.

दुसऱ्या दिवशी टायमर आला, सकाळी सहा ते रात्री दहा. दिवा खाली ओढून शेंड्याच्या वर वीतभर, आणि हाताची पाठ खाली धरून बघायची, गरम लागलं तर दिवा वर. चाळीस वॉट सोळा तास म्हणजे दिवसाला पाऊण युनिट पण नाही, महिन्याला एकोणीस-वीस. तुम्ही लगेच हिशोब केलात की एवढ्यात आपली पाच एचपीची मोटार पाच तास चालते. प्रत्येक गोष्ट तुम्ही नारायणगावच्या मापाने मोजायचात आणि मला ते फार आवडायचं. कुंडीतल्या झाडाला किती टोमॅटो लागतील हे सांगतानासुद्धा "कॅरेट काही भरायचं नाही हो", कॅरेट म्हणजे टोमॅटो भरायचा क्रेट.

मग त्या मेथीच्या काड्या. मी म्हटलं नवीन पेरू, तुम्ही म्हणालात कशाला. खालची पानं काढून टाकलीत आणि रोप निम्म्याच्या वर मातीत गाडलंत, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. मला वाटलं आता मेलंच. दहा दिवसांनी बघते तर शेंडा हिरवागार आणि खोड पेन्सिलीसारखं. शिवाय तुम्ही वारा मागितलात. "रानात झाड हलतं, इथं तर मूर्तीसारखं उभंय, कशाला जाड होईल ते?" मग कपाटातला छोटा टेबल फॅन निघाला, जो मी जुलैनंतर बघितला नव्हता.

पण काका, ज्यासाठी मी हे पत्र लिहितेय ती गोष्ट वेगळीच आहे. वापसा.

हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली मी, मला माती म्हणजे कोरडी किंवा ओली एवढंच माहीत. तुम्ही बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून म्हणालात, "वापसा नाही अजून, पाणी देऊ नको." मग समजावलंत की पाणी दिल्यावर माती नुसती ओली असून चालत नाही, जास्तीचं पाणी निथळून मुळांना हवा मिळायला लागली, मूठ वळते पण हाताला चिखल लागत नाही, तो वापसा, आणि रोज पाणी घालणारा माणूस झाडाला कधी वापसाच येऊ देत नाही. कुंडी उचलून वजन बघायला शिकवलंत, जड असली की हात मागे. मग पाणी वरून नाही, खालच्या ताटलीत, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून द्यायचं. दोन आठवड्यांत चिलटं निम्मी झाली. उरलेल्यांसाठी तुम्ही माझ्या कॉर्नफ्लेक्सचा पिवळा खोका कापून त्याच्या तुकड्यांना व्हॅसलिन फासलंत आणि ते काड्यांवर उभे केलेत. तुमच्या रानातले पिवळे चिकट सापळे माझ्या हॉलमध्ये. पाहुणे आले तेव्हा मी ते लपवले होते, सॉरी.

खताचं पण तेच. "एकोणीस एकोणीस मिळतं का इथं?" म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखं असलेलं खत. इथे वीस-वीस-वीस मिळतं म्हटल्यावर तुम्ही खूश, आणि लगेच डोस पाव केलात. आधी दोन वेळा नुसत्या पाण्याने कुंड्या धुऊन काढल्या. "काही करू नको" हे तुम्ही त्या महिन्यात मला इतक्या वेळा सांगितलंत की ते फक्त झाडांबद्दल होतं का अशी मला शंका येते, पण ते असो.

चूक तुमची पण झाली हां, ती पण लिहिणार. सवयीने तुम्ही दोन झाडांच्या बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब, खुडल्यात, तारेवर चढवायच्या टोमॅटोला खुडतात तशा. ही बुटकी जात, तिची उंची आपोआप थांबते आणि बरंचसं फळ येतं ते त्या फुटव्यांवरच. मी घाबरत घाबरत सांगितलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बेल वाजवून दारातच, "पोरी, तू बरोबर होतीस, माझ्याच्यानं चूक झाली." त्या दोन झाडांना शेवटपर्यंत कमीच फळ आलं. पण चाळीस वर्षं टोमॅटो पिकवलेला माणूस माझ्यासारखीला असं म्हणतो, याचंच मला जास्त अप्रूप वाटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं आली आणि गळायला लागली. फुलगळ बघून मी रडायच्या बेतात. तुम्ही म्हणालात औषधबिवषध काही नको, हिला हलवायला कोणी नाही. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्रच, पण पराग पिवळ्या नळीच्या आत कोंडलेला असतो, रानात वाऱ्याने नाहीतर भुंग्याच्या गुणगुणण्याने तो झडतो. उणे तीसमध्ये भुंगा कुठून आणायचा. तुम्ही वर गेलात आणि मुलाने हौसेने घेऊन दिलेला, खोक्यातून कधीच न काढलेला इलेक्ट्रिक टूथब्रश घेऊन आलात, तुमचं आपलं काळं दंतमंजन आणि बोट चालू होतं. चष्मा कपाळावर, श्वास रोखलेला, ब्रश पाकळ्यांना नाही तर फुलाच्या मागच्या देठाला टेकवायचा, दोन सेकंद, गुर्रर्र. मी खाली मोबाइल धरला होता, स्क्रीन बंद, काळी. तिच्यावर हळदीच्या चिमटीसारखी पिवळी धूळ पडली. "बघ, आता सेटिंग होतंय," तुम्ही म्हणालात, म्हणजे फळ धरतंय. त्यानंतर रोज अकरा वाजता बेल. मी कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये, तुम्ही मागे गुर्रर्र करताय, एकदा साहेबाने विचारलं पण की कसला आवाज येतोय.

याच दिवसांत मी तुम्हाला सांगितलं होतं की हीच रेड रॉबिन जात अंतराळ स्थानकात पण लावली होती, आणि फ्रँक रुबिओ नावाच्या अंतराळवीराचा टोमॅटो तिथे हरवला, सगळे म्हणायचे यानेच खाल्ला, आणि तो घरी परत आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तो वाळलेला टोमॅटो सापडल्याचं जाहीर झालं. तुम्ही त्यावर इतकंच म्हणालात, "एका टोमॅटोची बातमी? आमचे ट्रॅक्टर भरून रस्त्यावर ओतलेले कुणी विचारत नाही." मग बराच वेळ गप्प. मी चहा ठेवला.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिला तोडा. अकरा टोमॅटो, बोराएवढे. तुम्ही एक घेऊन मीठ लावून खाल्लात, बराच वेळ चघळलात, आणि म्हणालात, "चव ठीक आहे, पण याला टोमॅटो म्हणू नये." खरंय, साल जाड, आंबटपणा कमी. पण बाहेर गुडघाभर बर्फ असताना देठाचा तो हिरवा उग्र वास बोटांना लागला ना काका, तेवढ्यासाठी मी परत लावले असते. आणि लावलेत. दुसरा लॉट फुलावर आहे, वापसा बघूनच पाणी देते, कालच कुंडी उचलली आणि परत ठेवली.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही एप्रिलमध्ये गावी परत गेल्यापासून तुमचा मुलगा लिफ्टमध्ये भेटला की म्हणतो, बाबांना एवढा महागाचा ब्रश घेऊन दिला होता, बॅगेत भरला का कुठे टाकला कळत नाही. मी मान हलवते. रोज अकरा वाजता तो ब्रश माझ्याकडे गुर्रर्र करतोय हे त्याला तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची टोमॅटोवाली