29 चा आकडा नक्की कुठल्या कायद्यात लिहिलाय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही यावर तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी येते आणि प्रत्येक बातमीत तेच एक वाक्य असतं, की एकूण 288 च्या 10 टक्के म्हणजे 29 आमदार लागतात आणि ते कुणाकडंच नाहीत. हे वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की लोकांना तो कायदाच वाटायला लागलाय, आमच्या इथं चहाच्या टपरीवर पण सगळे "नियमच आहे तो" असं ठासून सांगतात. पण नियम दाखवा म्हटलं की कुणी दाखवत नाही.

आपल्या राज्यात विरोधी पक्षनेत्याच्या पगार-भत्त्यांचा 1978 चा कायदा आहे. त्यात साधी व्याख्या आहे, की सरकारच्या विरोधातल्या पक्षांपैकी ज्याचं संख्याबळ सगळ्यात जास्त, त्याचा सभागृहातला नेता आणि ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिलीय तो. 10 टक्के हा शब्दच त्यात नाही. ती टक्केवारी आली लोकसभेतून, पहिले अध्यक्ष मावळंकर यांनी सभागृहात पक्ष म्हणून मान्यता द्यायला कोरमइतके (सभागृह चालायला लागणारी किमान हजेरी) म्हणजे एक दशांश सदस्य हवेत असं ठरवलं तिथून. पुढं तोच आकडा विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीला चिकटवला गेला, आणि 2014 ला काँग्रेसचे 44 निवडून आले तेव्हा हेच कारण पुढं करून त्यांना ते पद मिळालं नाही.

आता आपल्याकडचे आकडे बघा. 23 नोव्हेंबर 2024 ला निकाल लागला, भाजप 132, शिंदेंची सेना 57, अजितदादांची राष्ट्रवादी 41, म्हणजे नुसते तिघे मिळूनच 230. समोर ठाकरेंची सेना 20, काँग्रेस 16, पवार साहेबांची राष्ट्रवादी 10, मग समाजवादीचे 2, माकपचा डहाणूतून 1, आणि आमच्या सांगोल्यातनं शेकापचा (शेतकरी कामगार पक्ष) 1. (आमच्याकडं "काय झाडी, काय डोंगर"वाले शिंदे सेनेचे शहाजीबापू पाटील पडले, पण महाविकास आघाडीतल्या ठाकरे सेनेनं पण शेकापच्या समोर उमेदवार दिला होता हे कुणी सांगत नाही!) मतं बघितली तर शरद पवारांच्या पक्षाला 11 टक्क्यांच्या वर आणि अजितदादांच्या पक्षाला 9 च्या आसपास, तरी आमदार 10 आणि 41. पवार साहेबांनी जागा जास्त लढवल्या म्हणून मतांची बेरीज मोठी दिसते हे खरंय, पण तरीसुद्धा विरोधातल्या मतांच्या मानानं विधानसभेतला आवाज फारच बारीक झालाय.

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. 1962 ला 264 आमदारांच्या विधानसभेत काँग्रेसचे 215 होते आणि शेकापचे फक्त 15, तरी शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. 1967 ला शेकापचे 19 आले तेव्हाही धुळपच. त्याहून जवळचं उदाहरण 1986 चं आहे. शरद पवार आपला समाजवादी काँग्रेस पक्ष घेऊन काँग्रेसमध्ये परत गेले, विरोधात सगळ्यात मोठा उरला जनता पक्ष, आणि 1985 ला त्यांचे निवडून आलेले आमदार होते 20. मालेगावचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले. सभागृह तेव्हाही 288 चंच होतं. म्हणजे तोच 20 चा आकडा, तेच सभागृह, तेव्हा चाललं आणि आता का चालत नाही एवढंच कुणीतरी सांगावं. दिल्लीत 2015 ला भाजपचे 70 पैकी 3 आले होते, आपच्या अध्यक्षांनी विजेंद्र गुप्तांना मान्यता दिलीच ना? तेव्हा भाजपवाल्यांनी 10 टक्के काढून दाखवले नाहीत.

काही लोक म्हणतात पद नाही म्हणून काय बिघडलं, बोलायला कुणी अडवलंय का. बिघडतं की. मानवी हक्क आयोगावर माणसं निवडायच्या समितीत मुख्यमंत्र्यांबरोबर विरोधी पक्षनेता बसतो, माहिती आयुक्त निवडताना पण बसतो. माहिती अधिकाराच्या कायद्यात तर सरळ लिहून ठेवलंय की विरोधी पक्षनेता मान्य केलेला नसेल तर विरोधातल्या सगळ्यात मोठ्या गटाचा नेता धरावा. म्हणजे 2005 साली कायदा लिहिणाऱ्यांना पण ही वेळ येईल हे दिसत होतं.

आता आघाडीवाल्यांबद्दल पण बोलायला पाहिजे, त्यांचं काही धुतल्या तांदळासारखं नाही. मार्च 2025 ला ठाकरे सेनेच्या भास्कर जाधवांचं नाव विरोधी पक्षनेतेपदासाठी अध्यक्षांकडं दिलं, पण त्यासाठी तिन्ही पक्षांनी मिळून जोर लावलाय असं काही दिसलं नाही. आणि यांच्याच काळात फेब्रुवारी 2021 ला नाना पटोलेंनी राजीनामा दिल्यावर विधानसभेला अध्यक्षच नव्हता, सरकार पडेपर्यंत उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांवर गाडा चालला. राज्यपालांच्या कोट्यातल्या विधान परिषदेच्या 12 जागा तर 2020 पासून लटकल्या त्या 2024 ला 7 भरेपर्यंत, तिथं राज्यपालांनी आघाडी सरकारची यादी दाबून ठेवली. जागा रिकामी ठेवून राजकारण करायचं हे दोन्हीकडच्यांना जमतं.

पण सध्याचा निर्णय अध्यक्ष राहुल नार्वेकरांच्या हातात होता आणि 2025 ची सगळी अधिवेशनं तशीच गेली. ऑगस्टमध्ये विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवेंची मुदत संपली, मग परिषदेतली खुर्ची पण रिकामी झाली आणि डिसेंबरचं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना उरकलं. अध्यक्षांना नकारच द्यायचा असेल तर देऊ द्या, तो अधिकार त्यांचा आहे, पण लेखी द्या आणि त्यात 1962 आणि 1986 ला काय झालं होतं त्याचा पण उल्लेख करा. आणि तुम्ही पण पुढच्या बातमीत "नियमानुसार 29 लागतात" असं लिहिण्याआधी तो नियम कुठला ते छापा ही विनंती.

— एक मतदार, सांगोला