वार बदलले, उपवास राहिला
संपादक महोदय,
आद्य ख्रिस्ती विचाराने बाह्याचार नाकारून केवळ अंतःकरण मानले, हे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळावरील रविवारच्या लेखातील विधान अर्धेच खरे आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशू उपवास बंद करत नाही. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे उपवास लोकांना दिसणार नाही, असे सांगतो. तिथे दिखाव्याचा उपवास करणाऱ्या ‘ढोंगी’साठी आलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ रंगमंचावरचा नट असाही होतो. ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेचा ८वा अध्याय तर सांगतो : ढोंग्यांसारखा सोमवारी-गुरुवारी उपवास नको, बुधवारी-शुक्रवारी करा. ढोंगावर उतारा म्हणून वार बदलले, म्हणजे पुन्हा बाह्याचारच! आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कॅथलिक मिस्सामध्ये (चर्चमधील उपासनाविधीत) कपाळावर राख लावण्याआधी वाचला जातो तो मत्तयचा हाच उतारा.
– एक वाचक, वसई