सलीनासहून पत्र

सलीनास, कॅलिफोर्निया
16 मे 2021

प्रिय वैशू,
सप्रेम नमस्कार.

"अमेरिकेत कसले गं हाल?" असं लिहिलंयस. ऐक मग.

आमचं खोरं म्हणजे लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीचं आगर. माझ्या सहावीतली बहुतेक मुलं शेतमजुरांची, मूळची मेक्सिकोकडची. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि त्याच महिन्यात सरकारने शेतमजुरांना 'अत्यावश्यक' ठरवलं. आई-बाप पहाटेच रानात, पोरं घरात. भाडी परवडत नाहीत म्हणून एका घरात दोन-तीन कुटुंबं. एकाला ताप आला तर वेगळं निजायचं कुठे?

ऑनलाइन वर्गात एका मुलीचा कॅमेरा कायम बंद असायचा. एकदा चुकून चालू झाला. मांडीवर तान्हा भाऊ, शेजारी दुसरीतल्या बहिणीचा वर्ग चाललेला, आणि ही बाई माझं अपूर्णांकांचं गणित ऐकता ऐकता बहिणीचा माइक सुरू करून देतेय! वय 11. तिची आई मिश्तेको, म्हणजे मेक्सिकोतली एक आदिवासी भाषा बोलते, स्पॅनिश जेमतेम. चाचणी पॉझिटिव्ह आल्याचा फोन या पोरीनेच घेतला आणि आईला तिनेच सांगितलं.

ऑगस्टमध्ये डोंगर पेटले, तरी धुरात तोडणी चालूच. फास्टफूडच्या दुकानाबाहेर फुकटच्या वायफायवर अभ्यास करणाऱ्या दोन मुलींचा फोटो देशभर फिरला ना, ते आमचंच गाव. लोक हळहळले, पैसेही जमले.

माझा संताप मात्र सरकारी मदतीच्या चेकवरून. 2020 मध्ये पहिल्या वाटपात माणशी 1200 डॉलर दिले, पण जोडीने कर भरणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसला की दोघांनाही भोपळा. इथेच जन्मलेल्या लेकरांचे 500 सुद्धा गेले! राज्याने मग देशात राहायची कागदपत्रं नसलेल्यांना माणशी 500 दिले, पण फोन लागेल त्याला. कर घ्यायला चालतो, भाजी तोडायला माणूस चालतो, बाकी तू कोण?

आता शाळा अर्धवट उघडलीय. ती मुलगी येते, पण रोज अकराच्या सुमारास पोट दुखतं. नर्सकडे जाते आणि आईला फोन लावायला सांगते. आई उचलते, शेतातला आवाज ऐकू येतो, की पोट थांबतं. असे आणखी तिघे आहेत माझ्या वर्गात. "मागे पडलेला अभ्यास भरून काढा" म्हणून वर तगादा, समुपदेशक मात्र अख्ख्या शाळेला एक, आणि तिलाही मिश्तेको येत नाही. मंगळवारी शाळा मंडळाची बैठक आहे, मी बोलायला नाव दिलंय. तीन मिनिटं देतात. बघू.

काकूंना नमस्कार सांग. लस घेतली का त्यांनी?

तुझीच,
माधुरी