काळजी करू नका, पण मावशीला हे नीट सांगा

डिकेटर, जॉर्जिया, अमेरिका
12 जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. जेवणखाण नीट चाललंय, मासे मिळतात, आईनं दिलेली सोलं अजून पुरताहेत. बाकीचं फोनवर कळतंच. पण बाबा दर रविवारी एकच प्रश्न विचारतात आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत आई फोन घेते, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो.

काळ्यांच्या वस्तीत घर का घेतलंस, हा तो प्रश्न. घर स्वच्छ आहे, भाडं परवडतं, स्टेशन पायी गाठता येतं. शेजारी एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको राहतात. मी गाडी घेतली त्या संध्याकाळी त्यांनी मला सीटवर बसवलं आणि पोलिसानं थांबवलं तर काय करायचं ते शिकवलं. गाडी बाजूला घ्यायची, आतला दिवा लावायचा, काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरून. कागद समोरच्या कप्प्यात असतील तर आधी तसं सांगायचं, मगच हात न्यायचा. माझे हात आपसूक स्टिअरिंगवर जाईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही. त्यांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं, त्यांनी आपल्या मुलांना. मला अजून एकदाही पोलिसांनी अडवलेलं नाही, हे आईला नक्की सांगा.

हेच गृहस्थ मध्यंतरी कोर्टात जाऊन आले, ज्युरीसाठी. इथली ही रीत तुम्हाला चमत्कारिक वाटेल. एक दिवस टपालानं कागद येतो की अमुक तारखेला हजर राहा. तुमच्यावर गुन्हा नसतो, साक्षही द्यायची नसते. मतदार आणि लायसन्सवाले यांच्या याद्यांतून नाव निघतं, बस. गवंडी असो की प्रोफेसर, रजा टाकून जायचं आणि नाव पुकारेपर्यंत हॉलमध्ये बसून राहायचं. मग दोन्हीकडचे वकील प्रश्न विचारतात, त्यातून बारा जण निवडतात, आणि आरोपी दोषी की निर्दोष हे ते बारा जण एकमतानं ठरवतात. बाबा, तुम्ही नानावटी खटला रंगवून सांगता ना, 1959 चा, आठ विरुद्ध एक? तीच ज्युरीची पद्धत, इथे अजून चालू आहे, फक्त एकमत लागतं. मी नागरिक नाही, त्यामुळे मला बसवणार नाहीत. माझ्या रजेची चिंता नको.

शेजारी त्या दिवशी कोट-टाय घालून गेले होते. संध्याकाळी परत आले ते निवड न होताच. वकिलांना ठरावीक लोक कारण न देता वगळता येतात, आणि खरी मेख तिथेच आहे. वंश बघून वगळायचं नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1986 मध्ये बजावलं. पुढच्याच वर्षी याच जॉर्जियात, रोम नावाच्या गावी, एका काळ्या तरुणावर खुनाचा खटला चालला. ज्युरीत एकजात गोरे, शिक्षा मृत्युदंडाची. काळ्या लोकांना वगळायला सरकारी वकिलांनी भलतीसलती कारणं दिली आणि ती खपली. पुष्कळ वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली त्यांच्या फायली बाहेर आल्या, तर यादीतल्या काळ्यांच्या नावांवर हिरवा हायलायटर फिरवलेला आणि शेजारी 'बी' अक्षर, म्हणजे ब्लॅक. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल सात विरुद्ध एक मतांनी फिरवला. गुन्हा लहान नव्हता, एका म्हाताऱ्या बाईचा जीव गेला होता. पण म्हणून न्यायाला कोण बसणार हे त्या हिरव्या रंगानं ठरवायचं?

बाबा म्हणतात, तुरुंगात तेच जास्त आहेत म्हणजे काहीतरी असणारच. आहेत खरे. देशात शंभरात तेरा-चौदा, तुरुंगात जवळजवळ तिघांत एक. पण कायदे बघा. 1986 च्या कायद्यात पाच ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्याच खड्यांना, किमान पाच वर्षं, आणि पावडर कोकेन असेल तर तेवढ्याच शिक्षेला पाचशे ग्रॅम. क्रॅकमध्ये पकडले जाणारे बहुतेक काळे. 2010 मध्ये तफावत कमी केली, अजून संपलेली नाही.

आता सावंतवाडीच्या मावशीचं. अलाबामातल्या त्या गुजराती आजोबांचा 2015 चा व्हिडिओ ती पुन्हा पुन्हा पाठवते. नातवाला सांभाळायला आलेला माणूस घराजवळ फिरत होता, इंग्रजी येत नव्हतं, पोलिसानं जमिनीवर आपटलं आणि अंग लुळं पडलं. दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला सोडलं. मावशीला म्हणावं, त्या दिवशी पोलिसांना फोन गेला होता तो कोणी काळा माणूस फिरतोय म्हणून. काळ्यांपासून लांब राहून आपण सुरक्षित राहत नाही. त्यांच्याशी ज्या दिवशी नीट वागतील, त्या दिवशी मीही निर्धास्त गाडी चालवीन.

आणि आपल्या गोव्यातलं? 2013 मध्ये पर्वरीला नायजेरियन लोकांनी हायवे अडवला, तो त्यांच्यातल्या एकाचा पर्रा इथे खून झाला म्हणून. एका मंत्र्यानं त्यांना कॅन्सर म्हटलं. साखळीच्या बाजारात तेव्हा जो तो ड्रग्जबद्दलच बोलत होता, मेलेल्या माणसाबद्दल कोणी नाही. इथे राहून मला ते फार आठवतं.

असो. ताईच्या लग्नाच्या हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे सोमवारी बाबांच्या खात्यात पडतील. केटररला माटवाखालच्या पंगतीचं वेगळं विचारा. ताईच्या सासरच्यांनी मागितलं नाही तरी भांडी चांगलीच घ्या, खर्चाचा विचार नको, मी आहे. चवथीला यायचं मात्र जमत नाही. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळत नाहीये आणि गेलो तर अडकून पडेन. गणपतीवरची फळांची माटोळी दादाकडून बांधून घ्या, बाबांनी स्टुलावर चढू नये. लग्नाला काही करून येईन, निदान आदल्या दिवशी तरी. म्हापशाच्या स्थळाचा फोटो आईनं पाठवलाय तो पाहिला, मुलगी चांगली वाटते. पण ताईचं होऊ दे आधी. त्यांना होकार देऊन बसू नका.

तुमचा,
बाळू