रवांडात आधी ओळखपत्र आलं, मग कोयता

संपादक साहेब,
स.न.वि.वि.
रविवारच्या पुरवणीतला नरसंहारावरचा लेख वाचला, चांगला होता पण रवांडाला चार ओळीत उरकलंत ते खटकलं. "जुनं टोळीवैर" वगैरे लिहिलंय ते पटत नाही. हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन समाज, एकच भाषा बोलणारे, एकाच चर्चमध्ये जाणारे, आपसात लग्नं करणारे लोक, बेल्जियमवाल्यांनी 1930च्या दशकात ओळखपत्रावर जात छापली आणि तेच कार्ड 1994 मध्ये नाक्यानाक्यावर बघून कट्टर हुतूंनी माणसं मारली. कार्डावर तुत्सी, की संपलं. त्यात त्या कट्टर हुतूंचा आरटीएलएम रेडिओ, मस्त गाणी लावायचे, गप्पा मारायचे आणि मधेच तुत्सींना झुरळं म्हणायचे, कोण कुठे लपलंय तेही सांगायचे! 100 दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं गेली, आणि हे चालू असताना युनोने फौज वाढवायची सोडून 270 वर आणायचं ठरवलं, काय बोलायचं.
नंतरचंही लिहायला हवं होतं. तुत्सी बंडखोरांनी सत्ता घेतल्यावर लाखो हुतू पळून झैरेत (आताचा काँगो) गेले, त्यात मारेकरीही होते, तिथून काँगोचं युद्ध पेटलं ते धड विझलेलं नाही. गावात गवतावर बसून गचाचा कोर्टं, म्हणजे नरसंहाराचे खटले चालवणारी गावकोर्टं, चालली 2012 पर्यंत, आरोपी शेजारी आणि साक्षीदारही शेजारीच. आता तिथल्या ओळखपत्रावर तो जातीचा रकाना नाही.
– एक वाचक, सातारा