थेंब घालून झाल्यावर मागितलेली सही

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू गोव्यातल्या एका इस्पितळात काढला. तिचे वय 78. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टरांविषयी काहीच तक्रार नाही. तक्रार एका कागदाची आहे.

बाहुली मोठी करण्याचे थेंब तीनदा घालून झाले होते, चष्मा माझ्या पिशवीत होता. आई गाऊन घालून रांगेत बसलेली. तेव्हा एक मुलगी इंग्रजी फॉर्म घेऊन आली. डोळ्यातले थोडे पाणी मधुमेहींच्या डोळ्यांतल्या प्रथिनांच्या संशोधनासाठी घ्यायचे आहे, इथे सही करा, म्हणाली. आईने विचारले, "म्हाका डायबिटीस ना, मागीर म्हजें उदक कित्याक?" (मला डायबिटीस नाही, मग माझे पाणी कशाला?) त्या मुलीला उत्तर देता आले नाही. आत नाव पुकारले गेले आणि आईने सही करून टाकली.

तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारले, घरी येऊन वाचलेही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागे जे पाणी असते ते जेमतेम पाव मिलिलिटर, म्हणजे चार-पाच थेंब. मोतीबिंदू काढताना डोळ्याला बारीक छेद दिला की ते असेही बाहेर येते आणि त्या जागी जेल भरतात. संशोधनासाठी जेल भरण्याआधी बारीक सुईने त्यातला थोडा भाग ओढून घेतात आणि उणे 80 अंशांवर गोठवून ठेवतात. शरीर ते पाणी दोनेक तासांत पुन्हा तयार करते. जोखीम अगदीच नाही असे नव्हे. डोळ्यात सुई जाते, म्हणून तर आधी विचारायला हवे.

या पाण्यात प्रथिने रक्तापेक्षा शेकडो पटींनी कमी असतात. आजारात कुठले वाढले हे ओळखायचे तर निरोगी पाण्यात किती असते ते आधी माहीत हवे. म्हणजे मधुमेह नसलेल्या आईचे पाणी तुलनेसाठी हवे होते! तिच्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे होते. 1994 साली अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळी 164 रुग्णांकडून घेतलेले 210 नमुने तपासले गेले, त्यांत तसा आजार नसलेल्यांचेही होते. मधुमेहाने पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटतात त्या डोळ्यांत 'व्हीईजीएफ' हे प्रथिन वाढलेले दिसले. आज माझ्या काकांना डोळ्यात जे इंजेक्शन देतात ते याच प्रथिनाला अडवते. हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, आधी सांगितले असते तर खुशीने दिले असते.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यातच आढळले, 26.4 टक्के, देशाचे 11.4. हे संशोधन आपल्या माणसांच्या पाण्यावर व्हावे असे मला मनापासून वाटते. पण त्याच आयसीएमआरच्या 2017 च्या नीतितत्त्वांनुसार माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यायची आणि विचाराला वेळ द्यायचा असतो.

मोतीबिंदूची तारीख कित्येक दिवस आधी ठरते. रक्त-साखर तपासायला बोलावतात त्याच दिवशी कोकणीत किंवा मराठीत, ठळक मोठ्या अक्षरांतला कागद हाती द्यावा. किती पाणी घेणार, ते कुठे आणि किती वर्षे ठेवणार, पुढे दुसऱ्या कामाला वापरणार का, आणि नको म्हटले तरी शस्त्रक्रियेत काही फरक पडणार नाही, हे तोंडी समजावावे. इस्पितळांच्या नीतिसमित्यांनी एकदा रुग्णांच्या रांगेत येऊन बघावे, सह्या कधी घेतल्या जातात ते.

आईच्या डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. पाणी द्यायला ती तयार आहे. कागद थेंब घालण्याआधी द्या.

आपली,
एक वाचक, म्हार्दोळ